शेजारच्या उपाहारगृहातील एक जेवण

मुंबईत ज्याचा एकही आप्त नाही असे मराठी कुटुंब बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा गोवा येथे शोधूनच काढावे लागेल. कोणाचा भाऊ परळला असतो, कोणाची आत्या गिरगावात, तर कोणाची धाकटी बहीण लग्न होऊन वसईस गेलेली असते. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून एकदा मुंबईची वाट धरावी लागतेच. कोणी लग्नकार्यासाठी जातो, कोणी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला, तर कोणी घरच्या दुखणेकऱ्यास घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात. आणि गेल्यावर उतरावे कोठे, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांस पडतच नाही. नातलगाचे घर आहे ना!

ते घर किती मोठे आहे याचा विचार मात्र गाडीत बसण्यापूर्वी क्वचितच केला जातो. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली, तिच्याच एका कोपऱ्यात ओटा आणि मोरी, आणि त्यात आधीच राहणारी चार-पाच माणसे. अशी बिऱ्हाडे मुंबईत आजही थोडीथोडकी नाहीत. नव्या इमारतीत गेलेल्यांची जागा थोडी वाढली असेल, पण सहा पाहुण्यांची अंथरुणे पडली म्हणजे तेथेही पाय ठेवावयास वाव राहत नाही. सकाळी ठराविक वेळी येणारे पाणी भरून ठेवायचे, मुलांचे डबे करायचे, स्वतः नोकरीवर जायचे, आणि संध्याकाळी परतल्यावर अकरा माणसांचा स्वयंपाक करायचा, हे त्या घरच्या गृहिणीच्या वाट्यास येते. ती बिचारी हसतमुखाने सारे करते. 'आणखी एक पोळी घ्या ना, भावोजी' असा आग्रहही करते. ते हसू खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यामागे किती शीण आहे हे तिच्या पाहुण्यांनी ओळखावयास नको काय?

म्हणूनच मुक्कामातील निदान एक जेवण बाहेर, आणि तेही त्या घराच्या शेजारच्याच उपाहारगृहात घ्यावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. हे जेवण पाहुण्यांनी योजावे आणि त्याचा खर्चही त्यांनीच करावा. वरवर पाहता गोष्ट क्षुल्लक आहे. तथापि नीट बेत न आखल्यामुळे नेमके उलटे घडलेले पुष्कळांनी पाहिले असेल. पाहुणे मोठ्या उत्साहाने 'आज आपण सगळे बाहेर जाऊ' म्हणतात, टॅक्सी करून एखाद्या थंडगार, दिव्यांनी झगमगणाऱ्या हॉटेलात जातात, मनास येईल ते मागवतात. आणि शेवटी बिल आले की रीतीप्रमाणे यजमानाचा हात पुढे होतो. 'छे छे, आमच्या गावात येऊन तुम्ही पैसे द्यायचे?' पाहुणे दोनदा नाही म्हणतात, तिसऱ्यांदा गप्प बसतात. त्या महिन्यात त्या घरी वाण्याची उधारी थकते, आणि ते कोणास कळतही नाही.

तेव्हा बेताची पहिली पायरी पदार्थ ठरवणे ही नव्हे. पैशाचे आधी ठरवणे ही होय. हे बोलणे पुरुषांनी आपसांत न करता घरच्या वडील स्त्रीने गृहिणीशी केले तर अधिक सुलभ जाते. 'अगं, रविवारी दुपारी तुझा गॅस बंद. माझ्या सुनेच्या वाढदिवसाचे जेवण राहिले आहे, ते मी घालणार आहे.' असे एखादे निमित्त पुढे केले की यजमानास नाही म्हणणे अवघड जाते, आणि त्याच्या मानासही धक्का लागत नाही. निमित्त खरेच असावे हे सांगावयास नको. पण कोणत्या कुटुंबात कोणाचा वाढदिवस, कोणाचे उत्तीर्ण होणे, कोणाचे पहिले कोम्युन्यो होऊन गेलेले नसते?

आता, शेजारचेच उपाहारगृह का? खर्च कमी हे एक कारण झालेच. पण त्याहून मोठे कारण असे की, मुंबईत घराबाहेर जेवण्याची रीत चैनीतून निर्माण झालेली नाही. ती गरजेतून निघाली, आणि ज्या त्या वस्तीच्या गरजेप्रमाणे तिने ते ते रूप घेतले. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून येथे गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही. त्याच्या पोटाची सोय लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांतील खाणावळवाल्या बायकांनी केली. आपल्याच खोलीत चूल पेटवून त्या वीस-पंचवीस जणांना दोन वेळ जेवू घालीत. हिशेब महिन्याच्या पगाराला होई. दुकानाची पाटी नाही, टेबलखुर्ची नाही; पितळेची ताटे, भाकरी, कालवण आणि भात. या बायकांच्या कष्टावर गिरणगाव उभा होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. किराणा उधारीवर, उधारीवर सावकाराचे व्याज, आणि कामगारांचा संप झाला की येणे बंद, अशी त्यांची कोंडी असे. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांस बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर ती खाणावळही ओसरली. आज लालबाग-परळ भागात मालवणी जेवण देणारी जी लहान लहान उपाहारगृहे दिसतात त्यांच्या ताटात त्या खाणावळीची चव अजून सापडते. आपला भाऊ त्या बाजूस राहत असेल तर दूर जाण्याचे कारणच नाही. बांगड्याचे तिखले, तळलेले बोंबील, तिसऱ्यांचे सुके आणि वर वाटीभर सोलकढी. गोव्याच्या आणि बेळगावच्या वाचकांस तर हे घरच्यासारखेच वाटेल.

दादरचे वळण निराळे. येथे गिरणी कामगारापेक्षा कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांची वस्ती अधिक. त्यामुळे येथील जुनी उपाहारगृहे शाकाहारी, स्वच्छतेविषयी काटेकोर आणि बोलण्यात थोडी तुटक अशी आहेत. स्थानकाच्या पश्चिमेस १९१० साली सुरू झालेल्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द होता, यावरून त्या काळी गिऱ्हाइकास कशाची हमी हवी असे ते कळून येईल. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पियूष हे दादरचे खाद्य. ही उपाहारगृहे न्याहारीची आणि दुपारच्या फराळाची. दहा माणसांनी तास-दीड तास बसून गप्पा मारण्याची ती ठिकाणे नव्हेत. शेजारी उभी असलेली माणसे आपल्या बशीकडे पाहत असतात, आणि वृद्धांना त्या नजरांचा त्रास होतो.

मोठ्या कुटुंबास आम्हांस विचाराल तर माटुंग्याचे पान सर्वांत सोयीचे. माटुंगा ही मुंबईतील दाक्षिणात्यांची जुनी वसाहत. तेथे एकटे राहणारे नोकरदार पुष्कळ, म्हणून त्यांच्या जेवणाची सोयही तेथेच झाली. उडुपीकडून मुंबईस आलेले ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंगा स्थानकाजवळ 'उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग' सुरू केले. महायुद्धाचे दिवस होते, धान्याची टंचाई होती; अशा वेळी सामान्य माणसास पोटभर आणि सोवळे जेवण माफक दरात मिळावे, हा त्यांचा उद्योग. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, पापड, ताक असे ते जेवण आजही तेथे वाढले जाते. पानाची सोय अशी की निवडीचा घोळ राहत नाही. लहान मुलगा काय खाईल, आजीला काय चावेल, याचा वाद घालीत बसावे लागत नाही; वाढपी समोर येतो, हवे ते घ्यावे, नको त्यावर हात आडवा धरावा. रस्सम-भात आणि ताक तर दात नसलेल्यासही चालते. फक्त पानात टाकू नये. अशा ठिकाणी अन्न टाकलेले खपत नाही, आणि ते खपू नये हेच योग्य.

इराण्याच्या दुकानाविषयी न लिहावे तर मुंबईकर वाचक रागावतील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द आणि केरमान या प्रांतांतून दारिद्र्य आणि छळ यांना कंटाळून अनेक झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. इमारतीच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळीत, अशी एक समजूत सांगतात. इराण्यांनी त्याच जागा घेतल्या. दोन रस्त्यांकडे उघडणारी दारे, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे आणि गल्ल्यावर करड्या चेहऱ्याचा मालक! ब्रून मस्का आणि चहा एवढ्यावर गरीब माणूस तेथे अर्धा तास बसू शके. त्यास कोणी जात विचारीत नसे. धोबी तलावाजवळ १९०४ सालापासून असलेली कयानी ही त्या परंपरेची जुनी खूण. त्याच भागात गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड आहेत. जहाजाची वाट पाहत तेथे उतरलेल्या कित्येक गोवेकरांनी मुंबईतला पहिला चहा इराण्याकडेच घेतला असेल. त्याच परिसरातील बस्तानी हे दुकान २००४ साली बंद झाले. 'हे करू नका, ते करू नका' अशा सूचनांचा तेथील फलक इतका प्रसिद्ध होता की कवी निस्सीम इझिकेल यांनी त्यावरून एक इंग्रजी कविताच रचली. एके काळी शेकड्यांनी असलेली ही दुकाने आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. भागीदारांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, कोपऱ्याच्या जागेचे मोल सोन्याचे झाले, आणि चहाच्या कपावर तेवढे भाडे निघेना. तेव्हा जवळपास एखादे चालू असेल तर मुलांना तेथे अवश्य न्यावे. मात्र सकाळच्या न्याहारीस. मोठे जेवण देणारे इराणी थोडे. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ सालचे ब्रिटानिया हा त्यास अपवाद. तेथील बेरी पुलावावर जी आंबटगोड तांबडी फळे असतात ती इराणातून येतात. पण तो कचेऱ्यांचा भाग आहे, कोणा आप्ताचा शेजार नव्हे.

असो. ठिकाण ठरले की वाराचा आणि वेळेचा विचार करावा. येथेच पुष्कळ बेत फसतात. बाहेरगावच्या माणसास रविवार सोयीचा वाटतो. परंतु मुंबईत रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीसाठी लोकलगाड्यांचे 'मेगाब्लॉक' असतात, आणि वसईहून किंवा कल्याणहून यावयाची मंडळी दादरला दीड तास उशिरा पोहोचतात. कोणत्या मार्गावर गाड्या बंद राहणार हे आदल्या दिवशी जाहीर होते. तेवढे पाहून मग वेळ सांगावी. दुसरे असे की, रविवारी दुपारी एक वाजता अख्खी मुंबईच जेवावयास बाहेर पडते. साडेअकरा-पावणेबाराला जाऊन बसले तर दहा जणांस शेजारी शेजारी दोन टेबले मिळतात. एक वाजता गेले तर तिघे या भिंतीशी, चौघे त्या खांबामागे, आणि आजी अनोळखी माणसांबरोबर, अशी पांगापांग होते. एकत्र जेवण्यासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबाची ही शोभा नव्हे. पुष्कळ लहान उपाहारगृहे आठवड्यातून एक दिवस आणि रोज तिसऱ्या प्रहरी बंद असतात. यजमानाच्या मुलास आदल्या दिवशी पाठवून चौकशी करून घ्यावी. 'दहा माणसे येणार आहोत, त्यांत एक आजी आहेत' एवढे सांगितले की शेजारचा मालक बहुधा पंख्याखालची, पायरी नसलेली जागा धरून ठेवतो. मोठ्या हॉटेलात ही ओळख पैसे देऊनही मिळत नाही.

मासळीचे जेवण योजणाऱ्यांनी पंचांगाप्रमाणेच समुद्राचेही वेळापत्रक ध्यानात ठेवावे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली, आणि भावही चढा. त्यापेक्षा त्या दिवसांत कोंबडी-वडे किंवा सुक्या मासळीचे कालवण मागवावे. इतर वेळीही सुरमई आणि पापलेट यांच्या थाळीचा भाव बाजाराप्रमाणे रोज बदलतो. पत्रकावर आकडा नसेल तर मागवण्यापूर्वी विचारून घ्यावा, त्यात संकोच कसला? उपवासकाळातील शुक्रवारी आपल्याकडे मांस वर्ज्य असल्याने मासळीची किंवा उडुप्याची वाट धरावी हे ओघानेच आले. उलट श्रावणात कित्येक हिंदू कुटुंबांत मांसमासळी चालत नाही. बरोबर यजमानांचे शेजारी येणार असतील तर त्यांचाही विचार व्हावा.

मागवताना सर्वांनी आपापले सांगावे या पद्धतीने खर्चही वाढतो आणि अन्नही वाया जाते. दोघांनी मोठ्यांची आवड आधीच विचारून ठेवून एकानेच सांगावे हे बरे. 'राइस प्लेट' ठराविक असते. 'अनलिमिटेड' थाळीत पुन्हा पुन्हा वाढतात, पण ती दोघांत वाटून घेऊ देत नाहीत. लहान मुलांसाठी वेगळी अनलिमिटेड थाळी घेणे म्हणजे पैसे फेकणे. त्यांना एखादा डोसा किंवा दहीभात पुरतो. दहा माणसांत चार मोठ्या थाळ्या, चार राइस प्लेट आणि मुलांसाठी दोन सुटे पदार्थ एवढ्यात प्रौढांचे पोट भरते आणि मुलांचेही. मासळीचा एखादा महाग पदार्थ मध्ये ठेवून सर्वांनी थोडा थोडा घ्यावा. चव सर्वांस मिळते.

बरोबर दुखणेकरी असेल तर गोष्ट निराळी. टाटा रुग्णालयाच्या आसपास उपचारासाठी आलेली कुटुंबे महिनोन् महिने राहतात, आणि त्यांतील सेवा करणाऱ्याचे स्वतःच्या जेवणाकडे लक्ष नसते. डॉक्टरांनी बाहेरचे अन्न मना केले असेल तर रोग्यास मुळीच आग्रह करू नये. 'एक घास खा, काही होत नाही' हे वाक्य प्रेमाचे असले तरी घातक ठरू शकते. त्याचा डबा घरून न्यावा, मालकास आधी सांगावे, बहुतेक मालक हरकत घेत नाहीत. घरून जाणे शक्यच नसेल तर दोघांनी रोग्याजवळ थांबावे आणि सेवा करणाऱ्या बहिणीस किंवा मुलास तासभर जेवावयास बाहेर न्यावे. किंबहुना ज्या माणसासाठी हा सारा खटाटोप करावयाचा तो पुष्कळदा हाच असतो. त्याला गरम भात पानात वाढला जाताना पाहिले म्हणजे त्याने किती दिवसांत बसून जेवण केले नाही हे लक्षात येते.

आता बिलाविषयी. उपाहारगृहातील जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून साधारणपणे पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वातानुकूलित दालनात बसा की साध्या दालनात, दर तोच. याखेरीज काही ठिकाणी 'सेवाशुल्क' म्हणून पाच किंवा दहा टक्के लावलेले आढळते. तो सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून ते सक्तीने वसूल करण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा ते शांतपणे काढून टाकावयास सांगावे. मात्र वाचवलेला तो पैसा खिशात न घालता ज्या पोऱ्याने दहा वेळा पाणी आणून दिले त्याच्या हातावर ठेवावा. तो बहुधा आपल्यासारखाच कोठून तरी दुरून आलेला असतो, आणि त्याचे घरचे माणूस त्याच्या मनीऑर्डरीची नसली तरी मोबाइलवरून येणाऱ्या पैशाची वाट पाहतच असते.

आणि पैसे देण्याची युक्ती! बिल टेबलावर येण्याची वाट पाहूच नये. ताक वाढले जात असताना पाहुण्यांपैकी एकाने हात धुण्याच्या निमित्ताने उठावे आणि गल्ल्यावर जाऊन हिशेब चुकता करावा. यजमान खिशात हात घालील तेव्हा मालकच सांगेल, 'दिले की त्यांनी.' थोडी लटकी रागवारागवी होईल, ती ऐकून घ्यावी.

निघण्यापूर्वी गल्ल्यावरच आणखी एक पुडके बांधून घ्यावे. चाळीतील ज्या शेजारणीने दुपारभर खोलीची किल्ली सांभाळली, उशिरा आलेले पाणी भरून ठेवले, तिच्यासाठी दोन वडे आणि थोडा शिरा. ते तिच्या दारात आपण स्वतः नेऊन द्यावे, गृहिणीच्या हाती पाठवू नये. कारण आपण गावी परतल्यावर पुढच्या खेपेपर्यंत त्या घराचा शेजार सांभाळणारी तीच असते.